चेहरा पुसला, आवाज राहिला

शेजारचे आजोबा तिच्या दारातच कोसळले, तेव्हा ती मुलीची वेणी घालत होती. तिने फोन केला. रुग्णवाहिकेच्या आधी गस्तीवरचा हवालदार पोचला. त्याच्या छातीवर काडेपेटीएवढा कॅमेरा होता आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

"तेवढं बंद करता का?" तिने विचारलं.

"घरात शिरलो की चालूच ठेवायचा, ताई. वरचा हुकूम आहे. उद्या आमच्यावर आळ नको." बोलता बोलता तो आजोबांची छाती दाबत होता. माणूस भला होता. आजोबा वाचले.

तिचा जीव मात्र टांगणीला लागला. नवऱ्याच्या मारातून सुटून, मुलीला घेऊन ती या शहरात आली होती. पत्ता तिने सख्ख्या बहिणीलाही दिला नव्हता. न जाणो, त्याने तिच्याकडून काढून घेतला तर. दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालं होतं. कुठे जरा बस्तान बसत होतं.

आठवड्याभरात बहिणीचा फोन आला.

"पोलिसांनी त्या हवालदाराच्या कौतुकाचा व्हिडिओ टाकलाय. बाईचा चेहरा धूसर केलाय, पण आवाज तुझाच आहे."

"तू कुठे पाहिलास?"

"तुझ्या नवऱ्यानेच पाठवला. विचारतोय, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, ती कुठली."

तिने वळून पाहिलं. खिडकीबाहेर टाकी होतीच, पलीकडच्या अंगाला वस्तीचं नाव रंगवलेली, मैलभरावरून दिसणारी.

मुलीला घेऊन ती तडक पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चेहरा झाकलाय ना, बाई? नियम तेवढाच आहे. आणि ती बाई तुम्हीच, हे कशावरून?"

"माझं बोलणं ऐकताय ना, त्यावरून."

साहेबांनी व्हिडिओ लावला. 'तेवढं बंद करता का,' भिंतीवरच्या पडद्यातून तिचाच आवाज आला. खोलीतल्या सगळ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"आत्ता काढायला लावतो," ते म्हणाले. "पण लोकांनी उतरवून घेतला असेल, तो माझ्या हातात नाही. आमच्याकडची मूळ प्रतही नियमाप्रमाणे राहणार."

"किती दिवस?"

साहेबांनी नियमांची वही चाळली, मुदत त्यात लिहिलेली नव्हती.

तोच हवालदार तिला ठाण्याच्या दारापर्यंत सोडायला आला. "व्हिडिओ टाकताना मला विचारलंच नाही कुणी, ताई," तो खालमानेने म्हणाला. मग तिच्या घरी येऊन, ती सामान बांधेपर्यंत जिन्यात उभा राहिला. दिवस मावळायच्या आत मायलेकी दोन पिशव्यांनिशी निघाल्या.

पुढे आजोबांनी फोनवर सांगितलं, की एक माणूस इमारतीखाली उभा राहून हातातला मोबाइल आणि वरच्या खिडक्या ताडून बघत होता. जिना चढून आला, दार वाजवलं. "अशी कुणी इथे राहत नाही म्हणालो," आजोबा म्हणाले. "पण गेला तो हसत."

नव्या गावी तिने पार्सलं बांधायचं काम धरलं. तिथे तोंड उघडावं लागत नाही. दुकानात ती वस्तूकडे बोट दाखवते. रस्त्यात मुलगी हाक मारू लागली, की तिचा हात दाबते.

परवा मुलीच्या शाळेत बाईंनी तिला बोलावून घेतलं. "हुशार आहे तुमची लेक," त्या म्हणाल्या, "पण वर्गात इतकी हळू बोलते, की शेजारच्या मुलीलाही ऐकू जात नाही. घरी काही झालंय का?"

तिने नुसती मान हलवली. नाही म्हणून.