तक्रारकाकांचा कागद

पालिकेच्या कचेरीत तक्रारकाकांना सगळे ओळखत, आणि ओळखत म्हणूनच ते दिसले की कारकून चहाला उठत. नळ, दिवे, कुत्री, शेजारी, काकांना काही वर्ज्य नव्हतं. पण माणूस काटेकोर. तारीख, पत्ता, वेळ, दोन प्रती, आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाहीत. खोटी तक्रार मात्र त्यांनी जन्मात केली नव्हती, याचा त्यांना भारी अभिमान.

युद्धातून जीव वाचवून आलेली एक शिंपीण आपल्या म्हाताऱ्या आईसह काकांच्या वरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी काकांनी कागद ओढला. शिलाई मशीन भल्या पहाटे सुरू होतं, झोपेचं खोबरं होतं. कचेरीनं कागद फायलीत ठेवला आणि नेहमीप्रमाणे काही केलं नाही.

त्याला आठ महिने झाले. आज शिंपीण जिन्यात बसून रडत होती. शहरात सहा महिने राहिल्याचा पुरावा दिला तर इथं राहायची परवानगी, नाहीतर सोमवारी गावाबाहेरच्या छावणीत रवानगी. घरमालकानं करार केलाच नव्हता, आणि आता तो फोनही उचलत नव्हता.

"आईला दमा," ती काकूंना मोडकंतोडकं सांगत होती. "तिकडे तंबू. थंड."

काकू तरातरा घरात आल्या. "अहो, त्या बिचारीच्या नावानं खडे फोडलेत ना, तो कागद काढा."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या कोटाचं फाटलेलं अस्तर तिनंच न सांगता बदललं होतं. त्या टाक्यांत खोट काढायला ते दोन दिवस चष्मा लावून बसले होते आणि हरले होते.

कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी तो कागद शिंपिणीसमोर मोठ्यानं वाचला. "'सदर बाईस शेजारधर्म ठाऊक नाही.'" काका छताकडे बघत राहिले.

"तारीख आहे, पत्ता आहे, शिक्का आमचाच," बाई म्हणाल्या. "पण तक्रार अजून चालू असेल तरच हा पुरावा. मिटली असेल तर त्या तिथं आजही राहतात हे कशावरून? काका, आवाज अजून येतो?"

येत नव्हता. काकांचं वैतागलेलं तोंड बघून शिंपिणीनं पहिल्याच महिन्यात मशीनखाली जाड घोंगडी घातली होती. काकूंनी श्वास रोखला.

"येतो," काका म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "रोज येतो. काल तर फारच होता."

बाईंनी शिक्का उचलला आणि दाणकन मारला.

जिना उतरताना शिंपीण काकूंच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती. काकू हसू लागल्या.

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

"म्हणतेय, उद्यापासून घोंगडी काढते. तुमच्यासारख्या माणसाला तिच्यापायी खोटं बोलावं लागलं, ते तिला बरं नाही वाटत."