बोरीखालची जागा

दीपकनं हात वर केला, तसं अश्वजितनं जिप्सी कच्चकन थांबवली अन् इंजिन बंद केलं. थंडी अशी, का श्वास सोडला तरी धूर निघून राह्यला होता. मागं मलकापूरचे सुधाकर सर, त्यायच्या बायको शरयूताई अन् कॉलेजातली पोरगी मधुवंती, तिघंही शालीत गुंडाळलेले. त्यायच्या बाजूले, कोपऱ्यात, गाइडची म्हणजे दीपकची माय, झुंबरबाई. आपल्याच गावात जायाले तिकीट काढून आलेली.

"काय दिसलं?" सरांनी हळूच विचारलं.

"काही नाही सर, मागचं चाक बसल्यासारखं वाटते," अश्वजित म्हणाला.

चाकाले काही झालं नव्हतं. हे दोघायचं कालच ठरलं होतं. इथं, या वळणावर, त्यायचं गाव होतं. अभयारण्यातून गाव उठवलं, मोताळ्याकडं नेलं, आता नुसतं गवत. अन् गावाच्या शेवटच्या धुऱ्यावर, बांधावर, एक बोर. त्या बोरीखाली दीपकची मोठी बहीण पुरलेली. बारसंही झालं नव्हतं तिचं, म्हणून नावसुद्धा नाही. दीपकनं तिले पाह्यलंच नाही, तो तिच्यानंतरचा.

अन् उद्यापासून हा रस्ता बंद. पिल्लावाली अस्वलीण फिरून राह्यली म्हणून साहेबायनं इकडच्या गाड्या थांबवल्या. पुन्हा कधी सुरू होतीन, कोणाले माहीत? मायले हे कळलं, तशी ती ताटावरून उठली अन् म्हणाली,

"मले एक डाव त्या जागेले हात लावून येऊ दे. दोनच मिन्टं."

"माय, कोणी खाली उतरलं तर माह्यं गाइडचं कार्ड जाते. मागं एकाचं गेलं ना, पाहुण्याले लघवीले उतरवलं म्हणून!"

"मी काय पाहुणी आहो काय तिथची?"

म्हणून हे चाकाचं नाटक. अश्वजित चाक पाहीन, दीपक पाहुण्यायले डावीकडच्या झाडावर घुबड दाखवीन, अन् माय उजवीकडून उतरीन.

झुंबरबाईनं पदर खोचला. एक पाय बाहेर काढला.

अन् बोर हालली.

वारा तर नव्हताच. मधुवंतीनं आधी पाह्यलं. "बाबा! बाबा, अस्वल!"

मागच्या पायांवर उभी राहून अस्वलीण फांदी खाली ओढून राह्यली होती अन् पिकलेली बोरं टपटप पडून राह्यली होती. पाठीवर, केस घट्ट धरून, एक पिल्लू. अश्वजित अर्धा उतरला होता, तो तसाच आत आला. दीपकनं मागं वाकून मायचा पाय गाडीत घेतला, आपल्या हातानं.

"कोणीच हलू नका. आवाज नाही," तो कुजबुजला. अन् त्याले त्याच्याच आवाजाचा राग आला.

"नशीब लागतं हो," शरयूताई म्हणाल्या. "दरवर्षी लांब-लांबच्या जंगलात जातो आम्ही, अन् माकडं बघून परत येतो."

"श्शू!" सर म्हणाले.

झुंबरबाई पुढं वाकली, दीपकच्या कानापाशी.

"ते झाड आमीच लावलं, बापू."

"लावलं?"

"असेच थंडीचे दिवस होते. जनावरानं उकरू नये म्हून तुह्या बापानं बोरीच्या काटेरी फांद्या तोडून टाकल्या वरून. बोरं लागेल होते त्याले. त्या वक्ती कोणाच्या ध्यानात येते? त्यातलंच एखादं उगवलं असन." तिनं बोरीकडं मान केली. "जनावर येऊ नये म्हून टाकलं, अन् पाह्य आता."

हॉर्नकडं दीपकची नजर गेली. वाजवला तर ती पळन. पण पिल्लू पडलं तर? अन् पळायच्या ऐवजी इकडंच आली तर? तोवर अस्वलीण बोरीच्या बुडाशीच फतकल मारून बसली. पिल्लू पाठीवरून घसरत उतरलं अन् तिच्या पोटात शिरलं.

"जाईन का बे ते लवकर?" अश्वजितनं विचारलं.

"दूध पिऊन राह्यलं. कुठं जाते."

मागून दुसरी जिप्सी येऊन थांबली. तिच्यातले पाहुणे माना उंच करून पाहून राह्यले होते, अन् त्यायचा गाइड हातानं खुणावत होता, का झालं असन तर सरका पुढं, आमाले पाहू द्या. अश्वजितनं किल्लीवर हात ठेवला अन् दीपककडं पाह्यलं. दीपकले मागं वळून पाहाची हिंमत होईना.

"काढ गाडी," मागून माय म्हणाली. "पोटाशी घेतलं तिनं. उठवू नको."

गेटवर सगळे चहाले उतरले. सर खुशीत होते, दीपकचा हात सोडतच नव्हते. मधुवंती मोबाइल घेऊन झुंबरबाईपाशी आली.

"मावशी, बघा ना, किती छान आलाय!"

झुंबरबाईनं चहा खाली ठेवला, हात लुगड्याले पुसले अन् मोबाइल दोन्ही हातात घेतला. अस्वलिणीचे विस्कटलेले केस, पिल्लाचे डोळे, सगळं साफ दिसत होतं.

"मोठं होते काय हे?"

मधुवंतीनं दोन बोटांनी मोठं करून दिलं.

"खाली घे पोरी."

तिनं घेतलं.

"आणखी खाली."

"अहो मावशी, अस्वल वरच राहिलं की! इथं नुसती माती आहे."

"हाव," झुंबरबाई म्हणाली अन् तिनं त्या मातीवर हळूच बोट टेकवलं. तसा फोटो सर्रकन सरकला, अन् भलतंच काही समोर आलं, कोणाचा तरी वाढदिवस, केक.

मधुवंतीनं फोटो परत आणून दिला.

झुंबरबाईनं परत बोट टेकवलं.