रविवारची शिट्टी

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या बॉयलर कारखान्यात माझा नवरा मर्व्ह बॉयलरच्या पोटात बसायचा. बाहेरून दुसरे लोक पत्रे जोडणारी लालबुंद रिव्हेट ठोकायचे, आतून तो तिला लोखंडी ठोकळ्याचा टेकू द्यायचा. शुक्रवारी घरी आला की कानांत नुसता घणघणाट. शनिवारी मी ओरडून बोलायचे. रविवारी मात्र मटण भाजून झालं की मी मागच्या पायरीवरून शिट्टी मारायचे, आणि तो टोमॅटोच्या वाफ्यातून उठून यायचा. आले कान परत!

कारखान्यात सगळ्यांचं असंच. कुणाची चर्चची घंटा, कुणाची चहाच्या किटलीची शिट्टी. रविवारी ती ऐकू आली की म्हणायचे, "कान मुरला गड्याचा, आता आवाज बाधायचा नाही." कुणी कापसाचे बोळे घातले तर, "काय गं बाळंतिणी, वारं बाधतंय का?" कसलं मेलं शहाणपण! पण तेव्हा मलाही पटायचं.

एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून मोठ्याने समजावलं. "कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाने ते केस हलतात, म्हणून ऐकू येतं. फार जोराचा दणका बसला की वादळातल्या गव्हासारखे आडवे होतात. विश्रांती मिळाली तर काही पुन्हा उभे राहतात. पण पेशी मेली की मेली, नवी उगवत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात."

"हिच्या शिट्टीहून उंच काय असणार?" मर्व्ह हसला. "दर रविवारी ऐकतो. विचारा हिला."

"ऐकतात हो," मी छातीठोकपणे सांगितलं.

पुढे आमची म्हातारी कुत्री डॉट गेली. मर्व्हनेच तिला लिंबोणीखाली पुरलं. त्या रविवारी मी शिट्टी मारली. तो पाठमोरा, टोमॅटोला काठ्या बांधत होता. पुन्हा मारली. शेजारच्या जॉयसने कुंपणावरून मान वर काढली, हा ढिम्म.

शिट्टी वाजली की त्याच्या पायाशी पडलेली डॉट कान टवकारून उठायची, आणि तिच्या मागोमाग हा. किती वर्षं, देव जाणे. मुरला मुरला म्हणत होतो तो कान दर आठवड्याला थोडाथोडा मरत होता, आणि साक्ष द्यायला मी पुढे.

वाफ्यापाशी जाऊन मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. मग उन्हाकडे बघत म्हणाला, "ऊना, उशीर झाला की गं. आज शिट्टी नाही मारलीस?"

"विसरले रे," मी त्याच्या कानाशी ओरडले.