जित्या मामाचं तेरावं

आमच्या घरात देवावरून कधी भांडण झालं नव्हतं. देवाचं सगळं माझ्याकडे होतं आणि मेंढरांचं ह्यांच्याकडे. मग एका साली हे लोकर विकायला वाशिमला गेले आणि येशू घेऊन परत आले. लोकर अर्धीअधिक तशीच गाठोड्यात होती.

वाशिम तेव्हा इंग्रजांच्या मुलखात, आमचं गोरेगावजवळचं गाव निजामाच्या. तिथल्या मिशनात सत्वाजी नावाचे एक पाळक होते. त्यांच्या ओट्यावर हे पाणी प्यायला टेकले आणि चार दिवस उठलेच नाहीत. पुढे जाणंयेणं वाढलं, हे वाचायला शिकले आणि वर्षाच्या आत डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन मोकळे झाले. मला सांगितलं ते झाल्यावर. मी म्हणाले, "डोक्यावर पानी तं घरीबी होतं." हे हसले. ह्यांना आता कशाचाच राग येत नव्हता आणि त्याचाच मला राग यायचा.

खोटं कशाला बोलू? पूर्वी हे चिडले की हात उचलायचे. ते थांबलं. शिंदी सुटली, शिव्या सुटल्या. म्हणून मीही ह्यांच्या येशूवर फार दात धरला नाही. जातीने मात्र ह्यांना वाळीत टाकलं. कुणी चिलीम देईना, कुणी मेंढरं एकत्र बसवीना. मला वाळीत टाकलं नव्हतं, कारण मी पाणी घेतलं नव्हतं. मग हे ओसरीवर जेवायचे आणि मी आत. नवराबायको आम्ही, आणि मध्ये उंबरा.

हे ओसरीवरून सांगायचे, "जो माझ्यापायी घरदार, बहीणभाऊ, रान सोडंल, त्याला शंभरपट भेटंल, असं त्यो म्हणते."

"बायकाबी शंभर भेटतेत का?" मी आतून विचारायची.

"तुझ्यावानी एकच पुरे हाये," हे म्हणायचे. असं आमचं चाललं होतं.

मग माझ्या नणंदेच्या पोरीचं, शालूचं लग्न निघालं.

सिंधूबाई ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच ह्यांना काखेत घेऊन वाढवलं. शालूची एक सोयरीक ह्या धर्माच्या पायी आधीच मोडली होती. आता हट्टा गावचे व्यंकटराव आपल्या पोरासाठी तयार झाले होते, तेही एका अटीवर. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा हवा. आमच्यात त्या आधी मामा बिरोबापुढे डोकं टेकतो, कपाळी भंडारा लावतो आणि तोच हळदीचा हात नवरीच्या पाठीवर ठेवतो. सख्खा मामा जिवंत असताना दुसरा कुणी उभा राहिला, तर पोर बिनपाठीची म्हणून सासरी जन्मभर बोलणी खाते. ज्या माणसाला पाणी द्यायला गाव तयार नव्हतं, त्याच्याच हाताशिवाय गावातलं लग्न अडलं होतं.

हे म्हणाले, "पाठीशी उभा ऱ्हातो. भंडारा लावनार न्हाई. दुसऱ्या देवापुढं टेकनार न्हाई."

सिंधूबाई रडली, पाया पडली, धाकट्या भावाच्या. ह्यांनी तिला उठवलं, स्वतःही रडले, पण हे जागचे हलले नाहीत.

शेवटी देवळापुढे बैठक बसली. हे दूर बाभळीखाली बसले होते. मी बायकांत उभी होते. जातीचे कारभारी संपतराव म्हणाले, "मामा मेला असंल तं चुलतमामा चालते. दगडोबा जातीला मेलाच हाये. त्याचं तेरावं घालून टाका, म्हंजी झालं."

मला वाटलं, आता तरी हे चिडतील. हे उठले ते हसत उठले. "घाला की! माझ्या मालकानं हेच तं सांगितलं हाये. जो जीव गमावंल त्यालाच त्यो भेटंल. पोरीचं लगीन व्हऊ द्या."

एवढा आनंद मी ह्यांच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तेवढ्यात व्यंकटराव खाकरले. "अन् मेल्याची बायको हिरव्या बांगड्या घालून हिंडून राहिली तं? लोक मला काय म्हनतील?"

"फोडंल की बांगड्या," संपतराव म्हणाले. "मनकर्णा आपल्या जातीतच हाये. माहेरी जाईल. मन असंल तं पाट लावंल." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. माझा नवरा वीस पावलांवर उभा असताना माझं दुसरं लग्नही बोलून झालं.

व्यंकटरावांनी मान हलवली. सगळ्यांचं भलं झालं होतं. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी पाहिलं, पण ते आधीच स्वर्गाच्या वेशीत पोचले होते.

मला दिवस गेले होते आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी दोनदा पोट राहून गेलं होतं. म्हणून ह्या खेपेला पोट जरा धरल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी चोरून बिरोबाला एडक्याचा नवस बोलले होते. हे ओसरीवर गुडघे टेकून जे मागायचे, तेही मला आतून ऐकू यायचं. कुणी ऐकलं, ते दोघं देव आपसात बघून घेतील. मला लेकरू हवं होतं.

आता बोलले तर लग्न मोडलं. ज्याची बायको पोटुशी आहे तो माणूस मेलाय असं म्हणायला व्यंकटराव काही खुळे नव्हते. नाही बोलले तर मी रांडमुंड होणार आणि पाच-सहा महिन्यांनी माझ्या मांडीवर मेलेल्याचं लेकरू असणार. गाव विचारणारच, तो तर पाणी घेतलं तेव्हाच मेला, मग हे कुणाचं? एका बाजूला शालू, जिची वेणी मी लहानपणापासून घातली. दुसऱ्या बाजूला पोटातलं लेकरू, ज्याला अजून नाकडोळेही आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यात बसून विचारलं, "तुमी मेले तं मी कोन?"

"तू माझ्यासंगं चल. तिथं शंभर घरं आपली हायेत."

"मला तुमचा देव नको. न्हाई आले तं?"

ह्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला जावंच लागंल, मनकर्णे."

तेव्हा सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं. लेकरासाठी थांबलेला नवरा मला नको होता. माझ्यासाठी थांबला असता तर हवा होता. लोक ह्याला हट्ट म्हणतील. म्हणोत बापडे.

ठरल्या दिवशी ओढ्याकाठी सगळे जमले. दहन आणि तेरावं एकाच दिवशी उरकायचं होतं. कडब्याचं माणूस केलं होतं, त्यावर ह्यांची जुनी घोंगडी घातली होती. चुलतभावाने मडकं खांद्यावर घेऊन फेरे मारले, मडकं फोडलं आणि आग लावली. हे पलीकडच्या काठावर उभे राहून पाहत होते. चेहऱ्यावर भीती नव्हती की लाज नव्हती. मध्येच त्यांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाच माहीत. सगळंच खोटं होतं, पण सिंधूबाईचं रडणं खोटं नव्हतं. जळत्या कडब्याकडे बघून ती "दगडू, दगडू" म्हणून अशी हंबरली की लाकडं रचणारे गडीसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले. आता ती ह्यांच्याशी जन्मात बोलणार नव्हती. बोलली तर तेरावं खोटं ठरलं असतं.

मग बायकांनी मला मध्ये बसवलं. कपाळाचं कुंकू पुसलं. बांगड्या फोडायचा मान नणंदेचा. सिंधूबाई दगड घेऊन माझ्यापुढे बसली. माझा डावा हात तिने गुडघ्यावर ठेवला.

ती वाकली तसं माझ्या तोंडून निघून गेलं. अगदी हळू, तिच्याच कानात. "वन्सं, मला दिवस गेलेत."

तिचा हात वरच राहिला. क्षणभर तिचं रडकं तोंड असं उजळलं की मला वाटलं, सुटले. ही आता दगड फेकून देणार आणि ओरडून सगळ्यांना सांगणार. ह्यांची ही बहीण आहे, हिने ह्यांना काखेत वाढवलंय.

"काहून थांबली गं?" मागून कुणीतरी विचारलं.

सिंधूबाईने मान वळवली. शालू बायकांच्या मागे उभी होती. पदराचं टोक तोंडात घातलं होतं आणि आईच्या हाताकडे बघत होती. सिंधूबाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

"मला माफ कर गं बाई," ती पुटपुटली आणि दगड खाली आला.

दुसऱ्या हाताच्या बांगड्या तिने फार भराभर फोडल्या. मला लागू नये म्हणून आपला तळवा मध्ये धरला होता, तो कापला. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि हे कळल्यामुळेच मला जास्त रडू आलं.

घरी आले तेव्हा हे ओसरीवर गाठोडं बांधून बसले होते. माझे मोकळे हात पाहून ह्यांचं तोंड पहिल्यांदा उतरलं. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही. त्यांच्यापुढेच बसले आणि सांगितलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग पदराला हात लावायला पुढे झाले. मी मागे सरले.

"आधी सांगतलं असतं," मी विचारलं, "तं तुमी मरायला न्हाई म्हनले असते का?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलंही नाही. मी मनात म्हणत होते, खोटं बोला. ह्या एका खेपेला खोटं बोला, तुमचा देव काही करणार नाही.

"न्हाई," हे म्हणाले. "तरीबी मेलो असतो."

मी उठले. आत गेले, लुगडं घेतलं, तवा घेतला, पाळण्यासाठी जपून ठेवलेली दोरी घेतली. माहेरी जायचं तर हे पोट घेऊन जायचं. इथे राहायचं तर हे पोट घेऊन राहायचं. माझ्या लेकराला बाप असेल असं एकच गाव आता पृथ्वीवर उरलं होतं, आणि ते ह्यांच्या देवाचं होतं.

मी बाहेर आले तेव्हा ह्यांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, देवाने माझं मन फिरवलं.

"उगाच हरखू नका," मी म्हणाले. "मी तुमच्या देवापायी येत न्हाई. तिथं तुमी जित्ते हायेत, म्हनून येऊन राहिले."

ह्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आम्ही वाशिमच्या वाटेला लागलो.