एका थेंबाचा फरक

"ताई, हातातलं ठेवा आणि जरा इकडे या," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले.

"आत्ता नाही ठेवता येणार, सर."

प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंनी मान वळवली नाही. डाव्या हाताने ती ब्युरेटची तोटी धरून होती, उजव्या हाताने फ्लास्क हलकेच गोल फिरवत होती. फ्लास्कमधलं पाणी निळं होतं आणि उभ्या काचनळीतून थेंब पडेल तसतसा तो निळेपणा विरत चालला होता. रंग नीट दिसावा म्हणून खाली पांढरी फरशी ठेवलेली. एक थेंब. अजून एक. निळं गेलं, पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं. मग तिने आणखी एक थेंब सोडला, आकडा वाचला, कागदावर उतरवला आणि मगच फ्लास्क खाली ठेवला.

"बोला."

विभागप्रमुख माणूस सरळ होते. फक्त वाईट बातमी सांगायची असली की त्यांना टेबलावरच्या वस्तू नीट लावायची हुक्की यायची. त्यांनी परीक्षानळ्यांचा स्टँड भिंतीला समांतर केला.

"पुढच्या आठवड्यात दोन्ही विद्यापीठांची बैठक आहे. संयुक्त प्रयोगशाळा बंद करायचं घाटतंय."

कोपऱ्यात बाटल्या धुणाऱ्या मुलीने नळ बंद केला. ही तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, शेजारच्या देशातून इथे संशोधनाला आलेली. वसतिगृहात, कँटीनमध्ये सगळे तिला 'पलीकडची'च म्हणत आणि तीही हाकेला ओ देई. तिचे एक मार्गदर्शक इथले, एक तिथले; पदवीवर दोन्ही विद्यापीठांचे शिक्के पडायचे होते.

"का?" बाईंनी विचारलं.

सरांनी खिशातून आलेखाचा कागद काढून पसरला. त्यावर दोन रेषा होत्या, एक ह्या काठाची आणि एक त्या काठाची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ऋतूंप्रमाणे वर-खाली होत होता आणि दोन्ही रेषा जोडीने चालत होत्या. पहिली दोन वर्षं पलीकडची रेषा केसभर वर होती. मग मागच्या उन्हाळ्यात दोघी एकमेकींना छेदून गेल्या, आणि तेव्हापासून इकडची रेषा केसभर वर.

"फरक किती, तर काहीच नाही. पण एकसारखा आहे आणि एका महिन्यात उलटलाय. आपले कुलगुरू म्हणतात, त्यांनी आकडे फिरवले. त्यांचे म्हणतात, आपण."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, असं आपोआप होत नाही." त्यांनी कागद पुन्हा चौकोनी घडी घालून ठेवला. "तुमच्यावर माझा संशय नाही हो, ताई. पण मला बैठकीत काहीतरी सांगावं लागेल."

ते गेल्यावर पलीकडची हात पुसत जवळ आली. "मावशी, प्रयोगशाळा बंद झाली तर माझं काय? इथले म्हणतील तिकडची, तिकडचे म्हणतील इकडे शिकली."

"बंद झाली तर ना? बाटल्या उपड्या घाल आधी, पाणी राहतं तळाला."

सीमा तळ्याच्या मधून जात होती. पाण्यावर रेघ ओढता येत नाही म्हणून तिथे एक पिवळा तरंगता बोया नांगरून ठेवला होता. तळ्यातली मासळी मरायला लागली तेव्हा दोन्ही देशांत आधी भांडणं झाली, मग सभा झाल्या आणि शेवटी दोन विद्यापीठांनी मिळून ही प्रयोगशाळा काढली, दोन्ही काठांवर एकेक शाखा. मुलं इकडून तिकडे शिकायला जाऊ लागली, प्राध्यापक वाऱ्या करू लागले. पण या साऱ्याच्या बुडाशी काम एकच होतं. दर पंधरवड्याला दोन्ही काठांवरून दोन होड्या बोयापाशी यायच्या. इकडच्या होडीत ती असायची, तिकडच्या होडीत पलीकडच्या प्रयोगशाळेतले सहायक. ती त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला ताई. तळ्याचं पाणी भाऊ तिच्या बाटलीत भरायचे आणि ती त्यांच्या बाटलीत. आपली बाटली आपण भरायची नाही, हा नियम. उद्या कोणी बोट दाखवायला नको. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो, म्हणून बूच लावल्यावर बाटली समोरच्याच्या हातात द्यायची, त्याने ती उजेडात धरायची.

"आहे का, भाऊ?"

"नाही, ताई."

मग होडीतच औषध घालायचं, पाण्यातला ऑक्सिजन तपकिरी साका होऊन बसला की तो कुठे जात नाही. आणि आपापल्या काठाला जाऊन, पाणी निळं करून, ते निळं जायला किती थेंब लागतात ते मोजायचं; जितके थेंब जास्त, तितका ऑक्सिजन जास्त.

तिने भाऊंना फोन लावला.

"कळलं का?"

"कळलं," भाऊ म्हणाले. "ताई, मी आमच्या साहेबांना सांगून टाकलंय. बाईंचा आकडा बरोबरच असणार. माझंच काही चुकत असेल, म्हटलं. वय झालं."

"मी आमच्या सरांना तेच सांगणार होते! तुमचा आकडा बरोबर म्हणून."

"छे छे, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका."

"तुमची नजर माझ्यापेक्षा जुनी."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, दोघं एवढं बोललो पण तळ्याविषयी कोणीच काही बोललं नाही.

"मी उद्या पलीकडे जाणार आहे," रात्री जेवताना तिने सांगितलं.

तिच्या नवऱ्याचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. तो म्हणाला, "बोलावलंय?"

"नाही."

"मग परवानगी?"

"ती काढते सकाळी. बाटली घेऊन जाते. एकाच बाटलीतलं पाणी दोघं शेजारी बसून मोजतो."

"आणि भाऊंचं चुकत असेल तर?"

"तर तसं सांगेन."

"तू?" त्याने घास हातातच ठेवला. "तू शेजारणीला तिची कढई आपल्या भांड्यांत आली म्हणून सांगायला दोन महिने घेतलेस."

"म्हणून तर उद्या जाते," ती म्हणाली. "नाहीतर आणखी दोन महिने जातील."

पलीकडचीही सोबत निघाली. चौकीवरच्या शिपायाने बाटलीची पेटी उघडायला लावली.

"यात काय?"

"पाणी."

"कुठलं?"

"तळ्यातलं."

त्याने खिडकीतून समोर पसरलेल्या तळ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "तिकडे नाहीये का पाणी?"

"आहे की. हेच आहे," ती म्हणाली. शिपायाने शिक्का मारला, बहुधा वाद टाळायला.

पलीकडची प्रयोगशाळा तिच्याच प्रयोगशाळेची जुळी बहीण होती. तेच लाकडी स्टँड, तसलीच पांढरी फरशी, फक्त खिडकी उलट्या बाजूला. भाऊ दारात उभे होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

"आधी चहा."

"आधी मोजू या, भाऊ. चहा घेतला की मला तुमचं सगळं पटायला लागेल."

पलीकडचीने एकाच बाटलीतलं पाणी दोन फ्लास्कांत मोजून घातलं. दोघांनी आपापल्या तोट्या धरल्या. खोलीत थेंबांचाच काय तो आवाज. दोन्ही फ्लास्क निळे झाले, फिकट झाले. भाऊंच्या फ्लास्कमध्ये निळ्याची अगदी पुसट सावली उरली होती, तेवढ्यात त्यांनी तोटी बंद केली. तिचं पाणी स्वच्छ झालं, आणि तिने वर एक थेंब सोडला.

"भाऊ, तुम्ही का थांबलात?"

"म्हणजे?"

"निळं अजून आहे."

"आहे ना. तुम्ही तिथेच थांबता."

"मी?"

"पहिल्या वर्षी तुम्ही इथे शिबिराला आला होतात. तुम्ही लवकर थांबायचात. मी मात्र पाणी स्वच्छ झाल्यावरही खात्रीसाठी एक थेंब वर सोडायचो. मागच्या उन्हाळ्यात संयुक्त अहवाल निघायचा होता. म्हटलं, माझा आकडा उगीच वर दिसतो, बाईंचं बरोबर असणार. तेव्हापासून मी तुमच्यासारखा थांबतो." ते थोडे संकोचले. "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

तिने हळूच फ्लास्क खाली ठेवला.

"मागच्या उन्हाळ्यात," ती म्हणाली, "अहवाल निघायचा होता म्हणून मी तुमच्यासारखा थेंब वर सोडायला लागले."

आधी पलीकडची हसली. तोंडावर हात दाबून हसली, मग भाऊ हसले, मग तीही. भाऊंना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण चष्मा पुन्हा लावेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे वर्षभर आपण तळं मोजलंच नाही. एकमेकांना मोजत बसलो."

"हो."

"ताई, हे बैठकीत सांगायचं नाही. ब्युरेटमध्ये दोष होता म्हणू. काचेला कोणी विचारत नाही. मला आता थोडेच दिवस उरलेत नोकरीचे. निरोपाच्या दिवशी लोक काय म्हणतील? म्हातारा बाईंकडे बघून आकडे लिहायचा?"

ती खिडकीपाशी गेली. खिडकीतून तिला तळं उलट्या बाजूने दिसत होतं. तिचा काठ इथून एक बारीक हिरवी किनार होता.

"भाऊ, एक विचारते. इतकी वर्षं बोयापाशी मी तुमची बाटली भरली. कधी बुडबुडा दिसला असता, तर सांगितलं असतंत?"

भाऊंनी चष्मा पुन्हा काढला, काच पुसली.

"मीही नसतं सांगितलं," ती म्हणाली. "म्हणूनच बैठकीत सांगायचं. तुम्ही नाही बोललात तरी चालेल. पण मी सांगणार. ह्या पोरीच्या प्रबंधाला तळ्याचे दोन साक्षीदार हवे होते, आपण एकच दिला, तोही धड नाही."

बैठकीत ती उभी राहून बोलली. तिने पुढे दोन फ्लास्क ठेवले होते, एक स्वच्छ, एक पुसट निळा. कोणी कधी काय बदललं ते सांगितलं, आणि का तेही. मधेच दोन्हीकडच्या कुलगुरूंनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही आपापल्या भाषणाचे कागद उलटे करून ठेवले. भाऊ बोलणार नव्हते, पण तिचं संपायच्या आत उठून उभे राहिले आणि ती बसेपर्यंत तसेच राहिले.

"म्हणजे लबाडी नाही," विभागप्रमुख म्हणाले. ते पाण्याचा पेला बशीच्या बरोबर मधोमध सरकवत होते. "पण ताई, यापुढे असं होणार नाही, याची हमी काय? तुम्ही पुन्हा एकमेकांकडे बघाल. मीही बघेन. माणूस बघतोच."

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"आमचे डोळे बाजूला ठेवा. आपोआप मोजणारं यंत्र येतं. रंग तेच बघतं, थेंब तेच थांबवतं. दोन्हीकडे एकसारखं घ्या. त्याला शेजाऱ्याचं मन राखता येत नाही."

"आणि तुम्ही काय करणार मग?"

"बाटल्या भरायला माणूस लागतोच, सर."

प्रयोगशाळा राहिली. मागच्या वर्षाचे आकडे रद्द झाले आणि पलीकडचीला ते सारं वर्ष नव्याने करावं लागलं. ती दोन दिवस मावशीशी धड बोलली नाही; तिसऱ्या दिवशी येऊन बाटल्या उपड्या घातल्या.

यंत्र आलं, त्याच जागी बसलं. पहिल्या दिवशी सगळे बघायला जमले. निळं पाणी फिकं होत गेलं, आणि यंत्र टक् करून थांबलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण पांढरी फरशी दोन्ही हातांत धरून फ्लास्कमागे उभ्या आहोत. तिने ती पुसली आणि कपाटात ठेवली.

भाऊ त्याच महिन्यात निवृत्त झाले. पुढच्या फेरीला ती बोयापाशी पोचली तेव्हा पाण्यावर ऊन चकाकत होतं. तिकडच्या होडीत पलीकडची उभी होती. हे वर्ष तिला त्या काठावरून काम करायचं होतं.

"भाऊंनी निरोप दिलाय," ती ओरडली. "म्हणाले, ताईंना सांग, मी खिडकीतून बघतोय."

बाईंनी त्या काठाकडे पाहिलं. इतक्या लांबून खिडकी दिसणं शक्य नव्हतं. तरी तिने हात हलवला.

मग तिने पाणी काढायचं नळकांडं दोराने खाली सोडलं, वर घेतलं, मुलीची बाटली तोंडापर्यंत भरू दिली, वाहू दिली, तिरपं धरून बूच बसवलं. सरावलेला हात होता. होड्या एकमेकींना टेकल्या आणि बाटली ह्या होडीतून त्या होडीत गेली.

"आहे का?" तिने सवयीने विचारलं, आणि नळकांडं आवरायला खाली वाकली.

मुलीने बाटली उजेडात धरली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. तिचे कान लाल झाले होते.

"आहे, मावशी," ती म्हणाली. "बुचाखाली, बारीक. पुन्हा भरा."

बाईंनी वर पाहिलं. मग हात पुढे करून बाटली परत घेतली, तळ्यात रिकामी केली आणि दोर पुन्हा खाली सोडला.