पाटीवरचे दोन सेकंद

माझ्या धाकट्या भावाला शर्यतीच्या जगात सगळे घुश्या म्हणतात, आणि हे नाव त्याने कमावलेलं आहे. पुढच्या मोटरसायकलच्या आणि वळणाच्या आतल्या कडेच्या मध्ये वीतभर फट दिसली, की हा तिथे आपलं पुढचं चाक घालणार. मग पुढच्याने एकतर बाजूला व्हायचं, नाहीतर दोघांनी मिळून रस्त्याकडेच्या खडीत लोळायचं. बहुतेक जण बाजूला होतात. बघणाऱ्यांना हे फार आवडतं. ज्यांच्या घरातलं कोणी खडीत लोळत नाही, त्यांना आवडायला काय जातंय म्हणा.

मी त्याची पाटी धरते. शर्यत सुरू झाली की रायडरच्या कानात इंजिनाशिवाय दुसरं काही शिरत नाही. आपण कितवे, पुढचा किती लांब, मागचा किती जवळ, हे त्याला कळायचा मार्ग एकच. सरळ रस्त्याच्या कडेला कमरेएवढी भिंत असते. तिच्यावरून आम्ही पाटीवाले आपापल्या पाट्या बाहेर धरतो आणि तो सुसाट जाता जाता डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचतो. काळी पाटी, खाचेत सरकवायचे पिवळे आकडे आणि एक बाण. बाण वर म्हणजे घाल. बाण खाली म्हणजे सांभाळून. एवढीच आमची भाषा, आणि तिच्यात खोटं बोलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. पण आपल्या रायडरला चेव यावा म्हणून एका पाटीवाल्याने एकदा खोटा आकडा दाखवला होता, तर त्यानंतर त्याच्याबरोबर चहालाही कोणी बसेना. माणूस त्या आकड्यावर जीव टाकून वळणात शिरतो.

भिंतीपाशी माझ्या शेजारची जागा वहिनींची. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, आणि त्यांची पाटी त्याच धरतात. आणि मास्तर म्हणजे दुसऱ्या टीमचे, पण शर्यतीत उतरणाऱ्यांतले सगळ्यांत जुने रायडर. त्यांच्या मागे राहून अर्धी पोरं वळणं घ्यायला शिकली, त्यात माझा भाऊही आला. मास्तर कधी कुठे घुसले नाहीत. ब्रेक लवकर दाबायचा, वळण स्वच्छ घ्यायचं आणि दुसरा चुकायची वाट बघायची, हा त्यांचा खाक्या. ते शर्यतीत मागे वळूनही बघत नाहीत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "माझे मागचे डोळे भिंतीपाशी उभे असतात."

यंदा सुरुवातीलाच मास्तर पडले आणि डोक्याला मार बसला. पुन्हा तसाच मार बसला तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. वहिनींना ते जमलं नाही. त्या एरवी भिंतीपाशी माझ्याशी अखंड बडबड करायच्या, सगळ्या टीमच्या उखाळ्यापाखाळ्या मला त्यांच्याकडूनच कळायच्या. पण यंदा त्या गप्पगप्प असायच्या आणि हातातल्या आकड्यांच्या डब्याचं झाकण उगाच उघडायच्या आणि लावायच्या.

वर्षातल्या शेवटच्या शर्यतीच्या सकाळी आमच्या मॅनेजरने घुश्याला माझ्यासमोरच सांगितलं. मॅनेजर वाईट माणूस नाही, पण गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही.

"पुढच्या वर्षी टीममध्ये एकच जागा आहे. मला जिंकणारा हवाय. आज मास्तरांना मागे टाकलंस तर जागा तुझी. नाहीतर तुझं तू बघ."

"टाकतो की," घुश्या म्हणाला. हातमोजे चढवताना तो हसत होता, पण डावा मोजा उजव्या हातात घालत होता. दुसऱ्या कुठल्याच टीमने त्याला दारात उभं केलं नसतं, इतक्या मोटरसायकली त्याने मोडल्या होत्या. आणि मोटरसायकल चालवण्यापलीकडे त्याला काही येत नाही. शाळेत असताना आमचे बाबा म्हणायचे की याला खुर्चीत बसवायचं तर खुर्चीलाच चाकं लावावी लागतील.

शर्यत निम्मी झाली तोवर पुढे फक्त दोघं उरले. मास्तर पहिले, घुश्या दुसरा. सरळ रस्त्यावर आमच्या गाडीत मास्तरांच्या गाडीएवढा दम नव्हता, हे मला, घुश्याला आणि मॅनेजरला पक्कं ठाऊक होतं. घुसायला जागा एकच, शेवटचं वळण. तिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो. मागे कोणी आहे असं कळलं की मास्तर तिथे आतली कड धरून दार लावून घेतात. एकटे असले की बाहेरून मोठी फेरी घेऊन मग आत वळतात. घुश्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा जवळ येत होता. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा दोघांतलं अंतर अर्ध्या सेकंदाच्याही खाली आलं. मी पाटीवर तो आकडा लावला आणि बाण वर केला. "आता बाण काढायचा नाही," मॅनेजर मागून ओरडला आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसला.

दोघं भिंतीसमोरून निघून गेल्यावर माझी नजर शेजारच्या पाटीवर पडली. वहिनींच्या पाटीवर दोन लिहिलं होतं. म्हणजे मागचा रायडर दोन सेकंद लांब.

"वहिनी, आकडा चुकलाय तुमचा."

"नाही चुकला."

"अहो, घुश्या त्यांच्या मागच्या चाकाला चिकटलाय! दोन कसले?"

"मला दिसतंय गं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मागे कोणी आहे कळलं ना, की ते मास्तर राहत नाहीत. मग तेही उशिरा ब्रेक दाबतात, आणि मागचा त्याहून उशिरा. मला ते नकोय. तुझा भाऊ जाऊ दे ना पुढे, सरळ रस्त्यावर खुशाल जाऊ दे. मला पहिला नंबर नको. मला माझा माणूस धडधाकट घरी हवाय."

मी त्यांचा दंड धरला.

"सरळ रस्त्यावर? वहिनी, आमच्या गाडीला ते झेपत नाही. तो शेवटच्या वळणावर घालणार, आतून. आणि मास्तर मागे कोणी नाही असं समजून सरळ त्याच्या अंगावर वळणार!"

त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं भिंतीपाशी काढलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं, कारण दुसऱ्या टीमची गाडी किती पळते हे कोणी कोणाला सांगत नाही, आणि नवरा वाचवायच्या नादात त्यांनी फक्त त्याच्याच बाजूचा विचार केला होता. त्यांनी पाटी भिंतीला टेकवली आणि घाईघाईने डबा उघडला. डबा हातातून निसटला. पिवळे आकडे सगळीकडे पसरले. त्या खाली बसून शोधू लागल्या आणि तेवढ्यात शेवटची फेरी सुरू करायला दोघं आलेच; त्या फेरीत वळणावर घुश्या घुसण्याइतका जवळ पोचला नव्हता. वहिनींची पाटी होती तशीच भिंतीवर उभी, दोनचा आकडा रस्त्याकडे तोंड करून.

मी माझ्या पाटीवरचा बाण उलटा केला. बाण खाली. मॅनेजर सकाळी काय म्हणाला ते मला शब्दन्शब्द आठवत होतं. माझ्या भावाची जागा मी माझ्या हातांनी घालवत होते, हेही कळत होतं. पण त्या वळणावर दोन गाड्या एकमेकांत अडकताना मला डोळ्यांपुढे दिसत होत्या आणि दुसरं काही दिसत नव्हतं. दोघं पुढेमागे भिंतीसमोरून गेले. मॅनेजरचं लक्ष स्क्रीनवर होतं.

त्या फेरीत मी काय केलं असेल तर एवढंच, की मॅनेजरच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत उभी राहिले. शेवटचं वळण आलं. मास्तरांनी लवकर ब्रेक दाबला आणि निवांत बाहेरच्या बाजूला गेले. आत नुसती फट नव्हती, सताड दार उघडं होतं. घुश्याचं पुढचं चाक त्यात शिरलं. लोक उभे राहिले, मॅनेजर खुर्चीवरून उठला. आणि मग घुश्या गाडीवर ताठ बसला. त्याने ब्रेक दाबला, गाडीचं मागचं चाक रस्त्यावरून उचललं गेलं, शेपटासारखं हललं आणि खाली आलं. त्याच क्षणी मास्तर आत वळले. घुश्या पुढे गेला असता तर जिथे असता, बरोबर त्या जागेवरून ते गेले. मास्तर पहिले आले. घुश्या दुसरा.

मॅनेजरने हेडफोन काढून टेबलावर आपटला. लोक घुश्याची हुर्यो उडवत होते. मला वहिनींचा भयंकर राग आला होता. त्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी वळले, तर त्या अजून खालीच बसलेल्या. एकेक आकडा उचलून पदराने पुसावा तसा शर्टाला पुसत होत्या आणि डब्यात ठेवत होत्या. मीही खाली वाकले आणि एक आकडा उचलून त्यांच्या डब्यात टाकला.

गॅरेजमध्ये घुश्याने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. आजूबाजूचे मेकॅनिक कामात असल्यासारखं दाखवत होते.

"बाण मी उलटा केला," मी हळूच म्हणाले. "मॅनेजरला मी सांगते तसं. तुझ्यावर नको यायला."

"कसला बाण?"

"पाटीवरचा! खाली केला होता ना मी."

"तुझी पाटी बघितलीच नाही गं मी," तो म्हणाला. "तुझ्या पाटीवर काय असणार ते मला माहीतच असतं. वहिनींची बघितली. शेजारीच तर असते." त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली, पण प्यायला नाही. "दोन लिहिलं होतं. म्हटलं, मास्तरांच्या हिशेबी मी नाहीच इथे. दार उघडं ठेवतील आणि मग माझ्यावरच वळतील."

"कळलं होतं तर निम्म्यापर्यंत गेलास कशाला?"

"सवय," तो म्हणाला. मग बाटली खाली ठेवून म्हणाला, "निम्म्यावर त्यांचं हेल्मेट अगदी जवळून दिसलं ताई. ते वळणाकडे बघत होते. एवढ्या शांतपणे बघत होते, काय सांगू."

माझे डोळे भरून आले. हा मुलगा घुसतो तेव्हा काही बघत नाही, असं मी कितीदा त्याला फटकारलं होतं.

"चल, मॅनेजरला सांगू या. खरं काय ते कळलं तर तोही समजून घेईल."

"नाही सांगायचं."

"अरे, जागा जाईल तुझी!"

"आणि सांगितलं तर वहिनींचं काय?" त्याने माझा हात धरला. "त्यांना भिंतीपाशी कोणी उभं करणार नाही. मास्तर तर… घरी जाऊन त्यांना काय सांगायचं ते त्या सांगतील. इथे चारचौघांत नाही. तू मध्ये बोलू नकोस, माझी शपथ आहे."

एवढ्यात मॅनेजर आला. आणि त्याच्या पाठोपाठ, जिंकूनही गोंधळलेले, हेल्मेट काखेत मारलेले मास्तर. त्यांच्या मागे वहिनी, डबा छातीशी धरून.

"अरे, शर्यत संपल्यावर बघतो तर तू माझ्या मागेच!" मास्तर घुश्याला म्हणाले. "मला तर पाटीवर दोन दिसत होतं. मी आपला एकटा असल्यासारखा वळलो."

वहिनी जागच्या जागी गोठल्या.

"शेवटच्या फेरीत एकदम ओढली मी मास्तर," घुश्या म्हणाला.

हे साफ खोटं होतं आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसलेल्या मॅनेजरला ते कळलंही असणार. पण त्याला पाटीशी काही देणंघेणं नव्हतं.

"ते राहू दे," तो म्हणाला. "दार उघडं होतं. आता मास्तरच सांगतायत की त्यांनी लावलंच नव्हतं. तुझं चाक आत होतं. मग घातली का नाहीस? गाडीत काही झालं?"

"नाही साहेब."

"टायर?"

"टायर चांगले होते."

"मग काय? मला कारण सांग. एक कारण सांग, मी वर जाऊन तुझ्यासाठी भांडतो."

कारण तिथेच उभं होतं, दोन हातांवर. वहिनींनी तोंड उघडलं. घुश्याने त्यांच्याकडे न बघता मान किंचित हलवली, नाही म्हणून. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. त्या क्षणी मला भावाचा इतका राग आला आणि त्याचा इतका अभिमान वाटला, की रडावं की त्याच्या मुस्काटात मारावी ते कळेना.

"हिंमत झाली नाही साहेब," घुश्या म्हणाला.

मेकॅनिकांचे हात थांबले. मॅनेजर त्याच्याकडे बघत राहिला. मग "ठीक आहे" म्हणाला आणि हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक दुकानातून निघतं तसा निघून गेला. पुढच्या वर्षाचं त्याने काही काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मास्तर मात्र थांबले. त्यांनी घुश्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पहिल्यांदाच वाटली ना भीती?" ते मायेने म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. भीती वाटली म्हणून कोणी लहान होत नाही. हळूहळू शिकशील."

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जिंकल्याचा आनंद झालाय असं समजून एक मेकॅनिक त्यांच्याकडे बघून हसला.

"हो मास्तर," घुश्या म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला. बूट निघाले तरी बराच वेळ त्याने मान वर केली नाही.