दुखणं नागम्माचं

वळसंगची नागम्मा बाजारात मिरची विकायला बसली की भल्याभल्या गिऱ्हाइकांची बोलती बंद. कानडीत भांडायची, मराठीत भाव करायची. पण भवानी पेठेतल्या गंगाधर डॉक्टरांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं, की बाई मुकी! तिथं बोलायचा तिचा लेक, सिद्धप्पा.

"भूक लागते का?" डॉक्टर विचारायचे.

"लागतीय की," सिद्धप्पा म्हणायचा.

"झोप?"

"झोपतीय की."

आता आईची झोप ह्या गड्याला कुठली ठाऊक? स्वतःच घोरत पडलेला! पण लेक गुणाचा. दर महिन्याला आईला एस.टी.त बसवून आणायचा. त्याला चारचौघांत तोडून बोलणं तिच्या जिवावर यायचं.

आणि खरं दुखणं लेकासमोर सांगायचं तरी कसं? पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि आता पुन्हा अंगावरून जात होतं. "अशक्तपणा हाय," एवढंच ती त्याला सांगायची, तेवढंच तो डॉक्टरांना. डॉक्टर ताकदीचं इंजेक्शन टोचायचे, लाल औषधाची बाटली भरून द्यायचे. नागम्मा मात्र वाळत चालली होती. हे आपल्याला घेऊनच जाणार, अशी धास्ती तिनं घेतली होती.

त्या दिवशीही डॉक्टर सुई भरता भरता सिद्धप्पालाच म्हणाले, "वय झालं की असं चालायचंच."

नागम्माचं डोकंच फिरलं. वय झालं म्हणे!

"सिद्धू, भाईर जा."

"अगं अव्वा, पण डॉक्टरांना..."

"जा म्हणते न्हवं!"

तो गेला. नागम्मानं पदर सावरला आणि भिंतीकडं बघत सगळं सांगून टाकलं. लाजेनं कान तापले, पण बाई थांबली नाही. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"अहो, इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुमी मला इचारलं कवा? इचारलं त्याला."

डॉक्टर ओशाळले. खुर्ची जवळ ओढून त्यांनी एकेक गोष्ट तिलाच विचारली, आणि लगेच मोठ्या दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांकडं धाडलं. तपासणीत गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला, पिशवी काढली.

टाके निघाले तेव्हा गंगाधर डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. सिद्धप्पा पुढं झाला, पण ते थेट खाटेशी गेले.

"नागम्मा, जिंकलात! रोग पसरला नव्हता. वेळेवर आलात म्हणून वाचलात."

नागम्मा उशीला टेकून ताठ बसली आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात म्हणाली, "येत तर दर म्हैन्याला हुते की, डॉक्टर. वेळेवर बोलले म्हणा!"